काचेतील समुद्राचा जनक

माळेगाव बुद्रुक - घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत रंगीत मासे सोडणे सोपे. मात्र काही आठवड्यांतच काचेवर आणि दगडांवर चढणाऱ्या शेवाळाला आवर घालणे कठीण. हा प्रश्न मत्स्यालयाच्या जन्माइतकाच जुना आहे. त्याचा पद्धतशीर विचार करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत इंग्रज निसर्गतज्ज्ञ फिलिप हेन्री गॉस यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

गॉस यांचा जन्म १८१० मध्ये इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवीत. घरची स्थिती बेताची असल्याने १८२७ मध्ये ते न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेले. तेथेच कीटकांच्या निरीक्षणाचा छंद त्यांना जडला. पुढे कॅनडात केलेली शेती फसली, अलाबामातील शिक्षकाची नोकरीही फार काळ टिकली नाही. १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी जमैकातील पक्ष्यांचा अभ्यास केला.

प्रकृती ढासळल्याने १८५२ मध्ये ते डेव्हनच्या किनाऱ्यावर राहण्यास आले आणि खडकांतील डबक्यांनी त्यांना मोहिनी घातली. पाण्यातील वनस्पती प्राणवायू देतात आणि जलचर तो घेतात, हा समतोल साधला तर पाणी दीर्घकाळ निर्मळ राहते, हे त्यांनी प्रयोगांतून दाखविले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. तेथील अनेक सागरी जीव गॉस यांनीच पुरविले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि हा शब्द रूढ झाला.

हवे ते समुद्रशेवाळ आणि नको ते शेवाळ यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे गॉस यांना ठाऊक होते. काचेवर हिरवा थर धरू लागला की तो खरडून खाणाऱ्या समुद्री गोगलगाई टाकीत सोडाव्यात, हा त्यांचा उपाय. त्यांची खरखरीत जीभ काचेवरून कशी फिरते, याचे त्यांनी भिंगातून बारकाईने निरीक्षण केले होते. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी मीठ आणि अन्य क्षारांपासून समुद्राचे पाणी बनविण्याची कृतीही त्यांनी दिली.

माळेगावसारख्या, सह्याद्रीच्या अलीकडे वसलेल्या गावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवता येते ती याच वाटेने. मात्र उसाच्या पट्ट्यातील विहिरी आणि बोअरच्या पाण्यात खतांतून आलेले नायट्रेट असू शकते आणि तेच शेवाळाचे खाद्य ठरते. त्यामुळे आरओने शुद्ध केलेल्या पाण्यातच समुद्री मीठ मिसळणे, माशांना मोजकेच खाद्य देणे, टाकी उन्हात न ठेवता दिवे ठरावीक तासच लावणे आणि थोडे-थोडे पाणी नियमित बदलणे हितावह ठरते. गोगलगाईंचा उपाय आजही तितकाच उपयोगी आहे. केवळ शेवाळ खरडून काढल्याने मूळ कारण दूर होत नाही.

गॉस यांचे उत्तरायुष्य मात्र क्लेशकारक ठरले. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, पण १८५७ च्या प्रारंभी पत्नी एमिली यांचे कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी सृष्टीची बायबलप्रणीत उत्पत्ती आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालण्यासाठी लिहिलेले 'ओम्फॅलॉस' हे पुस्तक शास्त्रज्ञ आणि धर्मनिष्ठ अशा दोघांनीही नाकारले. त्याहूनही मोठी वेदना वेगळीच होती. त्यांच्याच पुस्तकांनी मत्स्यालयाचे वेड पसरले, हौशी मंडळींच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि ज्या डबक्यांवर त्यांनी जीव लावला होता ती ओरबाडली गेली. हा ऱ्हास त्यांनी याचि डोळा पाहिला, असे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मधील आठवणींत नमूद केले आहे.

१८८८ मध्ये गॉस यांचे निधन झाले. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा त्यांच्या कल्पनेला शंभर वर्षे होत आली होती. टाकीतील समतोल राखताना, ती भरण्यासाठी समुद्र रिता होत नाही ना, याचेही भान ठेवणे हीच त्यांच्या चरित्राची खरी शिकवण होय.