गर्लफ्रेंडच्या नावावरून सिस्टीम काढली अन् सर्व्हरच्या ऑटो-अपडेटचा पाया घातला

मोबाईलवर अपडेटचं नोटिफिकेशन आलं की आपण काय करतो? नंतर बघू म्हणतो आणि सरकवून टाकतो.

पण सर्व्हर सांभाळणाऱ्याने असंच केलं तर? ज्या चुकीचा इलाज आधीच आलाय, तीच चूक वापरून हॅकर आत शिरतो. म्हणून डेबियन आणि उबुंटू या लिनक्स सिस्टीमसाठी अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचं टूल आहे. समोर कोणी बसलेलं नसलं तरी ते मशीन अपडेट करतं.

आता मालक नसताना मशीनला स्वतःत बदल करू द्यायचे, म्हणजे केवढा विश्वास लागतो बघा. या विश्वासाचा पाया घातला इयान मर्डॉकने.

इयानचा जन्म २८ एप्रिल १९७३ चा, पश्चिम जर्मनीतल्या कॉन्स्टान्झचा. पुढे तो अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. तेव्हा लिनक्स नवंनवं होतं. त्याने वापरलेल्या एसएलएस या लिनक्समध्ये चुकाच चुका होत्या. १६ ऑगस्ट १९९३ ला, वयाच्या २० व्या वर्षी, त्याने स्वतःच नवी सिस्टीम जाहीर केली. गर्लफ्रेंड डेब्रा आणि स्वतः इयान, दोघांची नावं जोडून झालं डेबियन. पुढे दोघांनी लग्नही केलं.

इयानचा मुद्दा साधा होता. सिस्टीम एका माणसाची नको, अनेकांनी मिळून उघडपणे बनवलेली हवी. त्यासाठी प्रत्येक सॉफ्टवेअरचं वेगळं पॅकेज केलं. कोणतं व्हर्जन आहे, चालायला आणखी काय लागतं, हे त्या पॅकेजवरच लिहिलेलं. शिवाय प्रत्येक पॅकेजची जबाबदारी घेणारं कोणीतरी ठरलेलं. पॅकेज बसवणारं डीपीकेजी हे टूल सुरुवातीला इयाननेच लिहिलं.

१९९६ मध्ये त्याने प्रकल्पाची सूत्रं ब्रूस पेरेन्सकडे दिली. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये एपीटी आलं, जे लागणारी पॅकेजेस नेटवरून स्वतः आणू लागलं. पुढे पॅकेजेसच्या यादीवरची डिजिटल सही तपासायची सोयही आली.

अनअटेंडेड-अपग्रेड्स याच साखळीवर चालतं. त्याच्या मुख्य फाईल दोनच. पहिलीत दोन ओळी असतात, पॅकेजची यादी रोज ताजी करायची का आणि अपग्रेड रोज करायचं का. दोन्हीपुढे १ लिहिलं की काम सुरू. दुसरीत मालकाचे नियम. फक्त सुरक्षेचे अपडेट घ्यायचे की सगळे? डेटाबेससारख्या कोणत्या पॅकेजला हात लावायचा नाही? काही बिघडलं तर मेल कुणाला करायचा?

खरी मेख रीस्टार्टमध्ये आहे. ऑटो रीस्टार्ट मुळात बंद असतो. त्यामुळे नवा कर्नल बसतो, पण रीस्टार्ट होईपर्यंत मशीन जुन्याच कर्नलवर चालत राहतं. आपण मात्र सगळं अपडेट झालं म्हणून निवांत असतो. म्हणून पहाटे २ सारखी वेळ ठरवून रीस्टार्टला परवानगी द्यायची, नाहीतर आठवणीने स्वतः करायचा. आणि सेटिंग केल्यावर ड्राय-रनने एकदा चाचणी घ्यायची. त्यात काहीही न बसवता टूल काय करेल ते दिसतं.

इयान पुढे सन मायक्रोसिस्टीम्स, मग डॉकर या कंपन्यांत गेला. २८ डिसेंबर २०१५ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं निधन झालं. वय फक्त ४२. जून २०१७ मध्ये आलेलं डेबियन ९ त्याच्या स्मृतीला अर्पण केलं गेलं.

इयानने डेबियनचं नेतृत्व केलं ते जेमतेम अडीच वर्षं. पण सिस्टीम एका माणसावर अडू नये, हे त्याने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. म्हणूनच तो गेल्यावरही डेबियनचे अपडेट येतच राहिले.