जांघेतली जखम, रेशमाचे टाके आणि मच्छरदाणी

वय २२. हातात डॉक्टरकीची नवीकोरी पदवी. अशा वेळी तुम्ही काय कराल? इटलीतल्या पाविया शहरात १८४४ साली जन्मलेला एदोआर्दो बासिनी थेट लढाईला गेला! देश एक करण्यासाठी गॅरिबाल्डीचे स्वयंसेवक लढत होते, त्यांच्यात तोही सामील झाला. ऑक्टोबर १८६७ मध्ये रोमजवळ व्हिला ग्लोरीच्या चकमकीत ७०-७५ पोरांची ही तुकडी पोपच्या सैन्याशी भिडली. तिथे बासिनीच्या उजव्या जांघेत संगीन घुसली. आतड्यालाही इजा झाली. कैद, दवाखाना आणि महिनोन् महिने न भरणारी जखम असं सगळं सोसून गडी वाचला.

बरा झाल्यावर त्याने सर्जरी शिकायची ठरवलं. त्यासाठी व्हिएन्नात बिलरोथ, बर्लिनमध्ये लांगेनबेक, लंडनमध्ये लिस्टर अशा त्या काळच्या दिग्गजांचं काम त्याने जवळून पाहिलं. पुढे तो पादुआ विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि हात घातला तो नेमका जांघेतल्या हर्नियाला.

हर्निया म्हणजे काय? पोटाची भिंत एखाद्या जागी कमजोर होते आणि तिथून आतडं बाहेर डोकावायला लागतं. खोकलं, ओझं उचललं की जांघेत फुगवटा येतो. आतडं तिथेच अडकून पडलं तर जिवावर बेततं. त्या काळी बहुतेक लोक कमरेला पट्टा आवळून आयुष्य काढायचे. ऑपरेशनं व्हायची, पण बहुतेकांचा हर्निया काही वर्षांत परत यायचा.

बासिनीने आधी या जागेची रचना नीट समजून घेतली. नुसतं भोक बुजवून भागणार नाही, भिंतच नव्याने उभी करायला हवी, हे त्याच्या लक्षात आलं. १८८४ पासून तो स्नायूंचे थर रेशमी टाक्यांनी खालच्या मजबूत बंधाला शिवू लागला.

पण त्याचं खरं मोठेपण पुढे आहे. पेशंट घरी गेला की विषय संपला, असं त्याने मानलं नाही. वर्षानुवर्षं त्याने त्यांचा माग ठेवला. १८९० साली त्याने २६२ ऑपरेशनांचा हिशेब जगापुढे मांडला. हर्निया परत आला होता फक्त ७ जणांचा. आपलं अपयशही त्याने मोजून दाखवलं, म्हणून जगाने त्याच्यावर विश्वास ठेवला. १९२४ साली तो गेला, पण त्याची पद्धत पुढची कित्येक दशकं जगभर चालली.

तिच्यात एक अडचण मात्र होती. दूर असलेले दोन काठ ओढून शिवले की टाक्यांवर ताण येतो. दुखतं आणि कधी कधी उसवतंही. घट्ट झालेल्या पँटचं बटण कसं तुटतं, अगदी तसंच. मग ओढण्याऐवजी ठिगळ लावलं तर? चांदीच्या तारेची जाळी वापरून झाली, ती कडक पडायची. टँटलम धातूची जाळी आली, ती आत तुटायची. १९५८ साली अमेरिकेत फ्रान्सिस अशरने प्लास्टिकची जाळी वापरली आणि पुढे पॉलिप्रॉपिलीनची जाळी रुळली. ती मऊ, चिवट आणि शरीरात न कुजणारी. तिच्या छिद्रांतून आपल्याच पेशी वाढतात आणि जाळी भिंतीचा भाग होऊन जाते. १९८० च्या दशकात लिक्टेनस्टाइनने ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली.

आता प्रश्न पैशाचा. हमाली किंवा शेतमजुरी करणाऱ्याला महागडी जाळी कशी परवडणार? इथे गोष्ट येते आपल्या धुळे जिल्ह्यात. दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळीसारखं वापरलं. हे कापडही त्याच जातीच्या प्लास्टिकचं! (घरातली मच्छरदाणी कापायला जाऊ नका, कोणतं कापड घ्यायचं आणि ते निर्जंतुक कसं करायचं, हे डॉक्टरांचंच काम.) नुसती आयडिया सांगून ते थांबले नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जननी हे कापड वापरून पाहिलं आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महाग जाळीशी तुलना झाली. २०१६ साली निकाल आला. वर्षभरात स्वस्त जाळीवाल्यांपैकी फक्त एकाचा हर्निया परत आला होता, महागवाल्यांपैकी कुणाचाच नाही. म्हणजे दोघींत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

रेशीम गेलं, प्लास्टिक आलं. बासिनीचे टाकेही आता मागे पडले. पण नवी जाळी आली की डॉक्टर आजही त्याचाच प्रश्न विचारतात: किती जणांचा हर्निया परत आला? तुम्हीही उद्या काही नवं शोधाल, बनवाल. लोकांनी टाळ्या वाजवल्यावर थोडं थांबा, पुन्हा मागे जा आणि किती ठिकाणी उसवलं तेही मोजा.