शरणपूरचा जेकब

आमच्या राजूरला चतुर्थीला गणपतीच्या दर्शनासाठी गर्दी लोटते. लहानपणी तिथे आफ्रिकेतून आलेल्या गुलामाची गोष्ट निघाली, की ती मलिक अंबरचीच असायची. पुढे मुलाच्या शिक्षणानिमित्त नाशिकला जाणे-येणे वाढले. तिथल्या शरणपूर रोडच्या नावामागची हकिगत शोधताना मला दुसरा आफ्रिकी भेटला: जेकब वेनराइट.

जेकब याओ जमातीचा. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार अशांची जहाजे अडवी. सुटलेली कित्येक मुले मुंबईला उतरत. त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनरी वसाहतीत येत. जेकब तिथेच इंग्रजी लिहा-वाचायला शिकला.

1872 मध्ये नाशिकच्या काही तरुणांबरोबर तो डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेला. जिथून त्याला पळवून नेले, त्या खंडात तो स्वतःच्या पायांनी परतला. गुलामांच्या तांड्यांचे हाल जगापुढे मांडणारा लिव्हिंग्स्टन 1 मे 1873 रोजी चितांबोच्या गावी वारला. सोबत्यांनी त्याचे काळीज तिथेच पुरले. जेकबने प्रार्थना म्हटली, झाडावर नाव कोरले. मग वाळवलेला देह सालीत गुंडाळून, सुसी आणि चुमा यांच्या पुढारपणाखाली सारे किनाऱ्याकडे निघाले. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने देह तिथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. हजार मैलांहून अधिक वाट तुडवून फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोला पोहोचले.

18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब हा एकटा आफ्रिकी होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोहोचले, तेव्हा अंत्ययात्रा होऊन गेली होती.

मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या शिष्टाईनंतर 5 जून 1873 रोजी झांझिबारच्या सुलतानाने करार केला आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. श्रेय बड्या नावांना मिळाले. पण 1789 मध्ये आत्मचरित्र लिहिणाऱ्या ओलाउदा इक्विआनोपासून जेकबपर्यंत, गुलामी म्हणजे काय हे इंग्लंडला स्वानुभवाने सांगणारे लोक ती सोसलेलेच होते.

जेकब 1892 मध्ये आफ्रिकेत उरांबो येथे वारला. आता राजूरला मलिक अंबरची गोष्ट निघाली, की मी तिला जेकबची जोड देतो.