हाफकिनसाहेब आणि एक बाटली

शहाडहून मुंबईस जाणारी आमची आगगाडी परळवरून जाते. तेथील हाफकिन संस्थेस ज्यांचें नांव १९२५ सालीं देण्यांत आलें, त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं तत्कालीन रशियन साम्राज्यांतील ओदेसा शहरीं झाला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें हाहाकार उडविला, तेव्हां सरकारनें त्यांस पाचारण केलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत अहोरात्र खपून त्यांनीं प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली.

परंतु १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून टोचलेल्या लोकांस मात्र कांहीं अपाय झाला नाहीं. तरी चौकशींत दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनांस कामावरून दूर व्हावें लागलें. वास्तविक ती बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतींत न धरतां नुसता जंतुनाशक पाण्यांतून काढून पुन्हा वापरला गेला. लंडनच्या लिस्टर संस्थेनेंही विष बाटली उघडतांनाच शिरलें असावें, असा अभिप्राय दिला. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांच्या खटपटीनें १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले व पुढें पुन्हा कामावर रुजू झाले. १९३० सालीं स्वित्झर्लंडांत त्यांचा अंत झाला.

बालमित्रहो, रुग्णसेवेंत एक लहानशी पायरी चुकली तरी प्राण जातात. म्हणून चूक घडतांच माणसावर बोट ठेवण्याची घाई न करतां, कोणती पायरी चुकली हें आधीं शोधावें, हाच बोध आम्ही या चरित्रांतून घेतों.