डॉ. आंबेडकरांच्या लहानपणची एक सुटी

वार्षिक परीक्षा संपत आली कीं आमच्या वर्गांतील मुलांचें लक्ष पुस्तकांवरून उडूं लागतें. कोणी मामाच्या गांवीं जाणार, तर कोणी वडिलांच्या नोकरीच्या ठिकाणीं. अशाच एका उन्हाळ्याच्या सुटींत वडिलांस भेटण्यास निघालेल्या भावंडांची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. त्यांतील एक मुलगा पुढें भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें चरित्र वाचकांस सामान्यतः परिचित असेलच. म्हणून त्यांनीं स्वतः लिहून ठेवलेला हा एकच प्रसंग आम्ही निवडला आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या लष्करी छावणींत झाला. वडील रामजी हे सैन्यांत सुभेदार होते. पुढें हें कुटुंब साताऱ्यास येऊन राहिलें. महार जातींत जन्मल्यामुळें लहानग्या भीमास शाळेंत इतर मुलांच्या बरोबरीनें बसण्याची मुभा नव्हती. तो घरून गोणपाटाचा तुकडा नेई, कोपऱ्यांत अंथरून त्यावर बसे आणि शाळा सुटल्यावर तो परत घरीं आणी. कारण शाळेचा झाडणारा गडी त्यास हात लावीत नसे. तहान लागली आणि शिपायानें नळ सोडला, तर पाणी. शिपाई नसेल त्या दिवशीं पाणी नाहीं. साताऱ्यांत परीट होते, परंतु ते या घरचे कपडे धूत नसत. न्हावी होते, परंतु ते या मुलांचे केस कापीत नसत. कपडे बहिणी धूत, आणि थोरल्या बहिणीनें तर भावांचे केस कापतां कापतां त्या कामांत चांगलाच हात बसविला होता. बाहेरच्यांनीं जें नाकारलें, तें भावंडांनीं एकमेकांस असें पुरविलें.

१९०१ सालची गोष्ट. आई वारली होती. रामजी सुभेदार खटाव तालुक्यांतील गोरेगांव येथें दुष्काळी कामावर खजिनदार होते. तेथें सरकारनें भुकेलेल्या लोकांस काम देण्यासाठीं तलाव खणण्यास आरंभ केला होता. काम सोडून येतां येत नसल्यामुळें त्यांनीं मुलांसच सुटींत बोलाविलें. मुलांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं! आगगाडी त्यांपैकीं कोणीच पाहिली नव्हती. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकांठी धोतरें, नवे जोडे अशी सारी तयारी झाली. अपंग आत्यानें रडत निरोप दिला. भीम, त्याचे थोरले बंधु आणि बहिणीचा मुलगा टांग्यानें १० मैलांवरील स्टेशनावर गेले. बंधूंनीं खर्चावयास दिलेल्या दोन दोन आण्यांतून धाकट्यांनीं प्रथम लेमोनेडच्या बाटल्या घेतल्या!

सायंकाळीं पांचच्या सुमारास मुलें मसूर स्टेशनावर उतरलीं. घेण्यास कोणीच आलें नव्हतें. तासाभरानें स्टेशनमास्तर चौकशीस आले. कपड्यांवरून त्यांस तीं ब्राह्मणांचीं मुलें वाटलीं, व त्यांचें मन कळवळलें. परंतु त्यांनीं जात विचारली, आणि भीमानें क्षणाचाही विचार न करतां खरें तें सांगितलें. त्यांचा चेहरा एकदम पालटला व ते निघून गेले. तींच मुलें, तेच कपडे, तीच अडचण. बदलला होता तो केवळ एक शब्द.

अर्ध्या तासानें मास्तर परत आले. भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या, पण दुप्पट भाडें देऊं केलें तरी एकही गाडीवान तयार होईना. अखेर मास्तरांनींच तोड काढली. गाडी मुलांनीं हांकावी, गाडीवानानें बाजूनें पायीं चालावें आणि भाडें मात्र दुप्पट घ्यावें, असें ठरलें. वाटेंत नदी लागली. मुलांनीं फराळाचा डबा उघडला. पण डबक्यांतील पाणी गुरांच्या शेणामुतानें घाण झालेलें होतें. अर्धपोटीं डबा मिटावा लागला. पुढें अंधारांत तोच गाडीवान आपण होऊन गाडींत चढला आणि कासरा हातीं घेऊन बसला. मध्यरात्रीं जकात नाका आला. मुसलमान असल्याचें सांगितल्यास पाणी मिळेल, असें गाडीवानानें सुचविलें. भीम उर्दूंत बोलला. तरीही पाणी मिळालें नाहीं. जवळ अन्न असून मुलें पाण्यावांचून उपाशी झोंपलीं. दुसऱ्या दिवशीं अकराच्या सुमारास तीं गोरेगांवीं पोहोंचलीं, तेव्हां उलगडा झाला: मुलांचें पत्र आलें होतें, पण नोकरानें तें वडिलांस दिलेंच नव्हतें.

नऊ-दहा वर्षांच्या मुलास ही तहान जन्मभर विसरतां आली नाहीं. तो शिकला, १९१३ सालीं अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत गेला. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांसह जाऊन त्यानें ओंजळभर पाणी प्राशन केलें. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १५व्या कलमानें विहिरी व तलाव यांवर जातीवरून आडकाठी करण्यास बंदी झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजीं बाबासाहेब दिवंगत झाले.

पालकांस आमची एक विनंति आहे. मसूरचे ते गाडीवान मुलांचे वैरी नव्हते. त्यांनीं तीं मुलें पूर्वीं पाहिलींही नव्हतीं. दूर कोणापासून राहावें, हें ते लहानपणीं घरींच शिकले असले पाहिजेत. आपल्या घरांत जेवतांना आपण शेजाऱ्यांविषयीं जें बोलतों, तें मुलें शाळेंत घेऊन येतात.

आणि विद्यार्थीमित्रांनो, कायद्यानें नळ खुला होतो, बांकावरील शेजारची जागा मात्र तुम्हांसच खुली करावी लागते. सुटी संपून शाळा उघडेल तेव्हां वर्गांत कोणी नवीन येईल. त्याची बोली, कपडे किंवा आडनांव निराळें असेल. मधल्या सुटींत तो एकटाच डबा उघडून बसलेला दिसला, तर कोण, कोठला हें विचारण्यापूर्वीं त्यास पाणी हवें काय, हें विचारा.