विश्लेषण : युद्धकैदी ते हिमालयातील महाकाय लिलीचे नामकर्ते, कोण होते नॅथॅनिएल वॉलिक?

हिमालयातील दमट, सावलीच्या जंगलात दहा फुटांपर्यंत वाढणारी एक रानलिली आहे. तिची पाने हृदयाच्या आकाराची असतात आणि कर्ण्यासारख्या पांढऱ्या फुलांच्या आत जांभळट-लाल रेषा दिसतात. शास्त्रीय जगाला तिची ओळख करून दिली ती नॅथॅनिएल वॉलिक यांनी.

भारतात कसे आले?
वॉलिक यांचा जन्म १७८६ मध्ये कोपनहेगन येथे झाला. बंगालमधील श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीत ते १८०७ मध्ये शल्यचिकित्सक म्हणून आले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी वसाहत ताब्यात घेतली आणि वॉलिक कैदेत पडले. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्या प्रयत्नांमुळे १८०९ मध्ये त्यांची सुटका झाली. १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीने त्यांच्याच प्रस्तावावरून संग्रहालय उभारले. तेच आजचे कोलकात्याचे इंडियन म्युझियम.

लिलीला नाव कसे मिळाले?
१८१७ पासून शिबपूरच्या वनस्पती उद्यानाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १८२०-२१ मध्ये ते नेपाळला गेले. तिथल्या वनस्पतींवरील ग्रंथात १८२४ मध्ये त्यांनी या लिलीला ‘लिलियम जायगँटियम’ हे नाव दिले. आज ती ‘कार्डिओक्रिनम जायगँटियम’ म्हणून ओळखली जाते. विष्णुप्रसाद आणि गोराचंद हे भारतीय चित्रकार त्यांच्या ग्रंथांसाठी चित्रे काढत.

वेगळेपण कशात?
१८२८ मध्ये वॉलिक हजारो वाळवलेले नमुने घेऊन लंडनला गेले. नऊ हजारांहून अधिक नोंदींची यादी करून त्यांनी जादा नमुने अनेक देशांतील अभ्यासकांना वाटले. त्यामुळे इथल्या वनस्पतींचा अभ्यास युरोपभर सुरू झाला.

वाद काय होता?
१८४२ मध्ये ते आजारपणाच्या रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेल्या विल्यम ग्रिफिथ यांनी उद्यानाची नव्याने आखणी करताना जुनी झाडे तोडली. १८४४ मध्ये परतलेल्या वॉलिक यांना आपले उद्यान ओळखू येईना. दोघांतील कटुता मिटली नाही; १८४६ मध्ये वॉलिक निवृत्त होऊन लंडनला गेले.

पुढे काय झाले?
ही लिली अनेक वर्षे कंदात अन्न साठवते, एकदाच फुलते आणि मरते. मागे बिया व छोटे कंद उरतात. ब्रिटनमध्ये ती १८५२ मध्ये एडिंबरा येथे फुलली. दोनच वर्षांनी वॉलिक यांचे निधन झाले. त्यांचा मूळ संग्रह आजही लंडनजवळच्या क्यू उद्यानात अभ्यासला जातो.