प्रा. चार्ल्स डॅल्झील : शॉक मोजणारा माणूस

सबस्टेशनच्या अर्थिंगचं डिझाईन करताना ०.११६ भागिले वेळेचं वर्गमूळ हे सूत्र आपण इलेक्ट्रिकलवाले सगळेच घोकतो. मीही घोकलं. पण ज्यांच्या संशोधनातून ते आलं, त्या प्रा. चार्ल्स डॅल्झील यांच्याबद्दल पेपरात कुणी विचारत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

डॅल्झील यांचा जन्म १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकून ते पुढे तिथेच प्राध्यापक झाले. माणसाला किती करंट सोसतो, हा त्यांचा ध्यासाचा विषय. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार दिली आणि करंट हळूहळू वाढवत नेला. एका क्षणी स्नायू असे आखडतात की तार सोडताच येत नाही. ही मर्यादा १३४ पुरुष आणि २८ स्त्रियांवर मोजली. सरासरी निघाली पुरुषांसाठी सुमारे १६ आणि स्त्रियांसाठी १०.५ मिलिअँपिअर.

आता घरातला ६ अँपिअरचा एमसीबी बघा. ६ अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर! म्हणजे तो वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. यावर उपाय असा की फेज आणि न्यूट्रल एकाच रिंग कोअरमधून न्यायच्या. गेलेला आणि परत आलेला करंट सारखा असेल तर फ्लक्स शून्य. थोडा जरी माणसातून जमिनीत गेला, की सेन्सिंग वाइंडिंगमध्ये व्होल्टेज येतं आणि ब्रेकर पडतो. हे तत्त्व युरोपात आधीपासून वापरात होतं. डॅल्झील यांनी १९६१ साली ते ५ मिलिअँपिअरइतकं संवेदनशील केलं. १९६५ साली पेटंट मिळालं आणि १९७५ च्या अमेरिकन कोडमध्ये बाथरूमच्या प्लगसाठी हे संरक्षण आलं. १९८६ साली डॅल्झील वारले.

मी वसईचा. आमच्या वसई-विरारकडे पावसाळाभर भिंतींना ओल. मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सारखा पडतो. कुणीतरी वायरमन बोलावून तो बायपास करून घेतो आणि घरचे खूश! अहो, तो पडतोय म्हणजे कुठेतरी लीकेज आहे. ते शोधायचं, ब्रेकर काढायचा नाही. अधूनमधून टेस्टचं बटणही दाबून बघायचं.

आणि हॉस्टेलमध्ये बादलीत रॉड टाकणाऱ्यांनो, पाणी तापलं का ते बघायला बोट घालण्याआधी स्विच बंद करा, प्लग काढा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली, तर आरसीसीबीसुद्धा वाचवणार नाही.

किती करंटला हात सुटत नाही, हे डॅल्झील मोजून गेलेत. आपण पुन्हा मोजायला नको.